मफलरची परतफेड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींइतकी रागीट बाई अख्ख्या जपानात नसेल. चिडलेली माणसं भांडी आपटतात; मावशी लोकर-सुया काढून बसत. मुलाने कचरा चुकीच्या पिशवीत टाकला की दहा ओळी, नातीने मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर दिलं की वीस. फुनाबोरीत मुलाकडे आल्यापासून त्यांचा राग इतका फळला होता की एकट्या माझ्याकडे चार मफलर आणि एक कानटोपी जमली होती. ती न घालता मी खाली दिसले, तर गॅलरीतून माझा उद्धार होई. मीही काही गरीब गाय नव्हे, पण त्यांच्यापुढे माझं चालत नसे.

एकदा स्टेशनाजवळ मावशी वाट चुकल्या. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या जपानी बाईंनी त्यांना हात धरून घरी आणलं. तेव्हा मावशींनी न रागावता विणलेला पहिला मफलर मी पाहिला. जांभळा, आणि एक टाका चुकला म्हणून दोनदा उसवलेला. बाईंनी तो वाकून वाकून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी सुबक कागदात बांधलेला बिस्किटांचा डबा घेऊन दारात हजर! भेट मिळाली की परतभेट द्यायची, ही इथली रीत. मी मावशींना तसं समजावलं.

"रीत गेली खड्ड्यात! मी प्रेमाने दिलं, आणि ही लगेच फिट्टंफाट करायला आली!"

पण डबा रिकामा परत करू नये, ही आपली रीत. मावशींनी त्यात चकल्या भरल्या. बाईंनी संत्री आणली. मावशींनी हातमोजे विणले. बाईंनी चहाची पुडी आणली. मावशी उंबऱ्यातूनच वस्तू घेत आणि फणकाऱ्याने दार लावत. दुभाषी मी, कावासाकीच्या ऑफिसातून गाडीत उभ्याने आलेली, भुकेली. एकदा मीही भडकले, "मावशी, पुरे करा! त्यांचं वय झालंय, जिने चढवत नाहीत."

"मग गुपचूप ठेवून घे म्हणावं तिला!"

हे सभ्य जपानीत कसं सांगतात, मला अजून कळलेलं नाही.

मार्चमध्ये व्हिसा संपला आणि मावशी पुण्याला निघाल्या. जाताना माझ्या हातात एक करडा मफलर कोंबून म्हणाल्या, "विमान उडाल्यावर दे तिला. माझा पत्ता दिलास तर याद राख! बघतेच आता कशी फेडते."

मी तो दिला. मावशी गेल्याचं सांगितलं. बाईंनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि जिन्याकडे बघत म्हणाल्या, "आता वर जायला काही निमित्तच उरलं नाही."

मी फोनवर मावशींना हे सांगितलं. पलीकडून सुया खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एकदम, "मेली! आधी बोलायला काय झालं होतं हिला?" आवाज मात्र नेहमीसारखा चढला नाही.

मला माझाच भयंकर राग आला. अख्खा हिवाळा मी त्या दारात उभी राहून एकीचं दुसरीला सांगत होते, आणि "आत या, बसा" एवढं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही.