तांडेलाचा हात

मिरजेहून एसटीत बसले तेव्हा मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक होतं. सोडायला आलेला भाऊ म्हणाला, "दागिने तरी कधी असे जपून नेलेस का?" नव्हते नेले. दागिने पुन्हा करता येतात, पण हे चित्रकथेचं पुस्तक आता कुठे छापलं जाणार नाही. लहानपणी भावानेच ते आणलं, एकदा वाचून माळ्यावर फेकलं, आणि मी ते तिथून उतरवलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

पुस्तकाचं नाव 'तुफान तांडेल'. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. आमचा हा तांडेल दिवसा मासे धरायचा आणि अंधार पडला की ठाण्याच्या खाडीत शिरणाऱ्या चोरांना धरायचा. समुद्र म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माझ्यासारख्या मुलीने त्याच्यावर जीव टाकला. आता मी औषधांचं दुकान चालवते, पन्नाशी दारात आली आहे, तरी तो जीव काही परत घेतलेला नाही. त्याचे चित्रकार मनोहरकाका हयात असून टिटवाळ्याला मुलाकडे राहतात, असं कळलं. म्हटलं, या पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांची सही घ्यायचीच. ठाण्याला चित्रकथांच्या चाहत्यांचा मेळावा होता, तोही वाटेत बघून होणार होता.

मेळावा वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये होता. वर लोखंडी तुळया तशाच होत्या आणि खाली पुठ्ठ्याची चिलखतं, थर्माकोलचे पंख, चमकीचे अंगरखे घातलेली तरुण मंडळी सेल्फी काढत फिरत होती. निळा चेहरा रंगवलेली एक मुलगी रंग पुसला जाऊ नये म्हणून ओठ न मिटता वडापाव खात होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आंटी, तुम्ही कोणासोबत आलेल्या?"

"एकटीच. मीही फॅन आहे."

"सही! कोणाच्या?"

मी टॉवेल उघडला. ती वाकून बघत राहिली. "भारी आहे हा. कुठला?"

"तुमच्या ठाण्याचाच."

"मग आम्हाला कसा माहीत नाय?" मला उगाचच राग आला, जणू माझ्या माहेरच्या माणसाला कुणी ओळख दाखवली नव्हती.

कोपऱ्यात जुन्या चित्रकथा विकणाऱ्याचा स्टॉल होता. त्याने पुस्तक बघताच हातमोजे चढवले. एकेक पान उलटताना श्वाससुद्धा तोंड बाजूला करून सोडत होता. "ताई, एकही डाग नाही! पेनाचा एक ठिपका नाही. अशी प्रत मी बघितली नव्हती." मग त्याने ते पारदर्शक पिशवीत घालून वर चिकटपट्टी लावली. "सही घ्या, पण पहिल्या पानावर, कोपऱ्यात. आत कुठे पेन लागलं तर संपलं. रद्दी झाली म्हणून समजा."

मी मान डोलावली. इतकी वर्षं ज्या पुस्तकावरून घरच्यांनी माझी थट्टा केली, ते कुणीतरी हातमोजे घालून हाताळलं होतं. आनंदाच्या भरात ठाण्याची मिसळ खाल्ली. तर्री मिरजेच्या माणसाला गोडसर वाटली, पण त्या दिवशी मी कशालाच नावं ठेवणार नव्हते.

पर्समधलं बॉलपेन जुन्या कागदावर ओरखडेल अशी धास्ती वाटली, म्हणून वाटेत डोंबिवलीला उतरले. स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या आजोबांना काम सांगितलं. "चित्रकाराची सही? मग हे काळं घ्या, शाई पसरत नाही आणि पाण्याने जात नाही," ते म्हणाले आणि कागदाच्या तुकड्यावर दोन रेघा ओढून दाखवल्या. रेघ खरंच देखणी होती.

टिटवाळा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पत्ता सांगेपर्यंत त्याने मला आत बसवलंही होतं. "आज मंगळवार नाय ताई, पटकन दर्शन होईल," म्हणत त्याने थेट गणपतीच्या देवळापाशी नेऊन सोडलं. बाहेरगावची बाई हातात पिशवी घेऊन उतरली की ती देवळातच जाणार, असा इथला नेम. आलेच आहे तर म्हणून दर्शन घेतलं, पेढे घेतले आणि दुसऱ्या रिक्षाने नव्या इमारतींच्या गर्दीत मनोहरकाकांचं घर शोधून काढलं.

दार सूनबाईंनी उघडलं. काका खिडकीशी बसले होते, अंगाने बारीक, डोळ्यांवर जाड भिंगं. मी मिरजेची म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग आपण गाववालेच. मी तासगावचा. कारखान्यात नोकरीसाठी ठाण्याला आलो आणि इथलाच झालो." चहा आला. कपबशी त्यांच्या हातात खळखळ वाजायला लागली, तशी सूनबाईंनी ती अलगद खाली ठेवली आणि कप स्वतः त्यांच्या ओठांशी धरला.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. काकांनी ते मांडीवर घेऊन भिंगांजवळ नेलं. त्यांच्याकडच्या सगळ्या प्रती पुरात गेल्या होत्या.

"इथे, कोपऱ्यात," मी पहिलं पान उघडून पेन पुढे केलं. पण ते पानं उलटत शेवटच्या मोठ्या चित्रावर गेले. तुफानात होडीच्या मागच्या टोकाला उभा असलेला तांडेल, मुठीत सुकाणू. माझं सगळ्यात लाडकं चित्र.

"हा हात चुकलाय," काका म्हणाले.

"कुठे? मला तर कधी दिसलं नाही."

"तुम्हाला नाहीच दिसणार, तुम्ही मिरजेच्या." ते हसले. "मी जन्मभर नांगर बघितलेला. होडी कशी चालवतात मला काय ठाऊक? नांगराचं रुमणं जसं वरून दाबून धरतात, तसं याच्या हातात सुकाणू दिलं. पुस्तक आलं आणि कारखान्यातला एक कोळी मित्र सगळ्यांदेखत म्हणाला, 'तुजा तांडेल दर्या नांगरतो काय रं?' शेड हसली. मग मी त्याच्या होडीवर जाऊन शिकलो. सुकाणू असं बाजूने, कुशीशी धरायचं. दुसऱ्या आवृत्तीत सुधारणार होतो. दुसरी आवृत्ती निघालीच नाही."

एवढं बोलून त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि टोक तांडेलाच्या मुठीवर टेकवलं. अंगठ्याची नवी रेघ उमटली. एका दमात, पेन न उचलता. दुसरी रेघ सुरू झाली.

"काका, नको! खराब होईल!" मी ओरडले आणि पुस्तक माझ्याकडे ओढलं.

त्यांनी पेन लगेच उचललं. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वस्तू तुमची आहे." मग मी दाखवलेल्या कोपऱ्यात त्यांनी सही केली. अक्षरं वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली. मला हवं होतं ते मिळालं होतं. मी आभार मानले, पेढे ठेवले आणि निघाले.

सूनबाई लिफ्टपर्यंत आल्या. "बँकेतसुद्धा अंगठा देतात हो, ताई. हात थांबतच नाही, म्हणून पेन धरायचंच सोडलंय. आज स्वतःहून धरलं. मी आतून बघत होते, हात जरासुद्धा हलत नव्हता."

त्या कौतुकाने सांगत होत्या. लिफ्ट आली आणि गेली. मी उलटी फिरले.

काका तसेच बसले होते. मी शेवटचं पान त्यांच्यासमोर उघडं ठेवलं. "चुकलं माझं. पुरा करा हा हात. वाटेल तेवढं काढा." त्यांनी पेन घेतलं, चित्रावर वाकले. टोक कागदावर थरथरत राहिलं. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट दाबून धरलं, तरी थरथर थांबेना. कागदाला शाई लागू न देता त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "मघाशी मला आठवण नव्हती की हात हलतो. तुम्ही ओरडलात आणि आठवलं."

परतीची एसटी कल्याणहून होती. पुस्तक टॉवेलात गुंडाळावंसंही वाटलं नाही. वाटेत पुनःपुन्हा तो अर्धवट अंगठा बघत होते. हातमोजेवाल्याला दोष देऊन पाहिला, पण तो काही टिटवाळ्याला आला नव्हता. तांडेलावर एवढं प्रेम केलं आणि त्याचा कर्ता समोर बसून त्याला हात देत होता, तेव्हा मला कागद दिसला. याची खंत जाणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर त्या पानाचा फोटो चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच एकाने लिहिलं, 'अरेरे, पेन कुणी मारलं? बघून वाईट वाटलं.'

मी उत्तर दिलं, 'मलाही. बाकीचा हात राहून गेला.'