मुका केलेला ट्वीटर

शेठनी पुन्हा बटण दाबलं आणि दादांनी पुन्हा मान हलवली. नाही.

लातूरच्या त्या शोरूममध्ये मी कार ऑडिओचा फिटर होतो. समोर औशाच्या एक शिक्षिका, गायकवाड मॅडम, आणि त्यांचे वडील बसले होते. वडिलांना सगळे दादा म्हणत. औसा-रेणापूर भागात एके काळी गावोगाव भीमगीतं गाणारा हा माणूस. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मॅडमनी त्यांच्या एका कार्यक्रमाची जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती. तपासणीसाठी दादांना सोलापूरला न्यावं लागायचं. त्या वाटेवर त्यांना त्यांचं गाणं नीट ऐकू यावं, एवढ्यासाठी मॅडमना गाडीत चांगले स्पीकर हवे होते.

शेठनी महागाचा स्पीकर मॅडमच्या हातात दिला. "वजन बघा. मॅग्नेट कसा हाय!"

आमच्याकडे गिऱ्हाईक स्पीकर टरबुजासारखा हातात तोलून घेतं. बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून काही जण लहान मॅग्नेटवर जाड रबराची टोपी चढवून तो दांडगा दाखवतात. खोक्यावरच्या वॅटचंही तेच. मोठ्या अक्षरात असतो तो क्षणभराचा जोर. स्पीकर तासन्‌तास जेवढं पेलतो तो आकडा म्हणजे आरएमएस, आणि तो कोपऱ्यात बारीक अक्षरात. या धूळफेकीची मला चीड होतीच. पण आमच्याच बोर्डावर काय चाललंय, ते मला त्या दिवशी कळलं.

बोर्ड म्हणजे भिंतीवर ओळीने बसवलेले स्पीकर. बटण दाबलं की एक जोडी बंद, दुसरी सुरू. स्वस्त जोडीवर गाणं गोधडीखालून आल्यासारखं येत होतं. महागाच्या जोडीवर ढोलकी नुसती छातीत धडधडत होती. दादांची मान दोन्हींना नाहीच.

"महागाचीच घ्या मॅडम," शेठ म्हणाले. "बाबांचे कान गेलेत आता. त्यांला काय कळतंय?"

"नीट बोला शेठ. ऐकू येतंय त्येंना," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

दादांचा घसा गेला होता, कान नव्हे. माझं डोकंच फिरलं. जन्मभर सूर लावलेल्या माणसाला आवाजातलं कळत नाही, असं स्पीकर विकणाऱ्याने म्हणावं? मी उठलो आणि बोर्डाची मागची फळी उघडली.

"काय करायलास बशीर?" शेठ ओरडले.

"वायर बघायलोय."

स्वस्त जोडीच्या ट्वीटरची वायर काढून टेपने गुंडाळलेली होती. ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर. तो मुका केला की गाण्यातले शब्द मळकट होतात. महागाच्या जोडीला अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, वेगळा, आणि त्याचा आवाज नि बेस दोन्ही पार चढवलेले. मोठ्याने वाजतं ते माणसाला चांगलं वाटतं, त्यावरच हा धंदा. वायर आपोआप सुटली असती तर समजू शकलो असतो. टेप कुणीतरी हाताने लावला होता.

"शेठ, ही वायर कुणी काढली?"

"धंदा हाय रे. सगळीकडं असंच असतंय."

"मग सगळीकडं चोरच हायत म्हणा की."

हे मी गिऱ्हाइकासमोर बोललो. बोलायला नको होतं, असं मला आजही वाटत नाही.

वायर जोडली. दोन्ही जोड्या एकाच अँपवर घेतल्या, बेस-ट्रेबल मधोमध, आवाज सारखा. तुलना करायची ती अशीच, नाहीतर करूच नये. मग स्वस्त जोडीवर गाणं पुन्हा लावलं.

दादांची ओळ संपली आणि मागून कोरस आला. त्यात एक बारीक आवाज सगळ्यांच्या नंतर, घाईघाईने शिरला. दादांनी झटकन हात वर केला, मॅडमकडे बोट दाखवलं आणि तोंडभर हसले.

मॅडम बघतच राहिल्या. "आगं माय! ही तर मी हाय. लहानपणी मला कोरसमध्ये उभं करायचे. मला वाटलं, दादांना स्वतःचा आवाज ऐकायचाय."

एवढा वेळ ते मान हलवत होते ती यासाठी. बोर्डावर त्यांना त्यांची लेक सापडत नव्हती. एका जोडीत आम्ही तिचा आवाज कापला होता, दुसरीत तो बेसखाली गाडला होता. मला माझ्याच शोरूमची लाज वाटली.

महागाची जोडीही पुन्हा वाजवली. लेक तिच्यात तेवढीच होती, जास्त नाही. स्वस्त जोडी मी लगेच मॅडमच्या गाडीत बसवून दिली. दादा पुढच्या सीटवर बसले. गाडी औशाकडे वळेपर्यंत त्यांची बोटं दारावर ठेका धरून होती.

दुसऱ्या दिवशी बोर्डामागे टेप परत लागला होता. मी माझा पाना-पकड उचलला आणि नांदेडला येऊन स्वतःचं दुकान टाकलं. इथं बोर्ड नाही. बिलोलीपासूनचं गिऱ्हाईक येतं आणि आल्या आल्या स्पीकर हातात तोलायला लागतं. मी तो काढून घेतो. म्हणतो, आपल्या माणसाचा आवाज घेऊन या आणि तो सापडतो का बघा. आणि दुसऱ्या कुठल्या दुकानात दोन स्पीकरांत जमीन-अस्मानाचा फरक ऐकू आला, तर पाकिटाला हात घालण्याआधी मागची फळी उघडायला सांगा.