फुग्यातलं अक्षर

आमच्या सांगलीच्या दैनिकात एक परदेशी चित्रपट्टी येते: एक जाडा गृहस्थ, त्याची म्हातारी आई आणि एक आळशी कुत्रा. मूळ चित्रकार कधीच वारला. मग त्याचा मुलगा काढत होता, मग एक पगारी माणूस. आता कुणीच काढत नाही, जुनीच चित्रं फिरून येतात. गृहस्थ मात्र चाळिशीचाच.

पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतलं इंग्रजी पांढऱ्या शाईनं पुसून त्यावर मराठी लिहायचं काम माझ्या नवऱ्याचं. स्वतःच्या हातानं लिहायचे. पट्टीतल्या म्हाताऱ्या, टोपीवाल्या मडमेच्या तोंडी त्यांनी आपल्या आईची बोली घातली होती. "लोक मला नटी समजाया लागलं," म्हणून सासूबाई कुरकुरायच्या, आणि मनातून सुखावायच्या.

हे गेल्यावरही पट्टी चालू राहिली; ह्यांनी लिहिलेलीच जुनी चित्रं फिरून यायची. सासूबाईंना वाचता येत नाही, पण मुलाचं अक्षर त्या ओळखतात. सकाळी फुग्यावरून बोट फिरवून विचारतात, "काय म्हणतोय?" मी वाचून दाखवते. ऐकलं की त्या घास तोंडात घालतात, नाहीतर ताट तसंच. पेपरला सुट्टी असली की दिवसभर मी ताट घेऊन त्यांच्यामागे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी पेपर उघडला. चित्र अनोळखी होतं. म्हातारीचं नाक लांब, कुत्र्याचं पिल्लू झालेलं. आमच्या दैनिकानं पट्टी घ्यायच्याही आधीचं ते चित्र, ह्यांनी जन्मात न पाहिलेलं. आणि फुग्यात अक्षर ह्यांचं. त्यांचा तोच वाकडा 'ल'.

"काय म्हणतोय?"

"आई, मी आलो गं," मी वाचलं. खोटं सुचायला वेळच मिळाला नाही.

सासूबाई उठल्या. भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या, कडी काढली आणि उभ्या राहिल्या. "चपला भिजल्या आसतील त्याच्या," म्हणाल्या. जिन्यात कुणी नव्हतं. दुपार झाली तरी दार लावू देईनात.

मी संपादकांना फोन केला आणि नको नको ते बोलले. ते बिचारे म्हणाले, "वहिनी, साहेबांच्या अक्षराचा फॉन्ट करून घेतलाय. वाचकांना सवय आहे ना. मजकूर आमचा एक जण लिहितो." मेलेल्या माणसाच्या अक्षरात कुणीही काहीही बोलावं? माझं डोकंच फिरलं. फॉन्ट बंद करा म्हणणार होते, पण तेवढ्यात सासूबाईंचं न शिवलेलं ताट दिसलं. "मग मी लिहीन," मी म्हणाले.

त्यांनी पाठवलेल्या पहिल्या चित्रात गृहस्थ टेबलाशी बसलेला. मूळ विनोद सूपवर होता, तो मी टाकून दिला. टाइप केलं: आई, जेवलीस का? पडद्यावर एकेक अक्षर ह्यांच्या हातचं उमटत गेलं. मी बोटं मागं घेतली.

ते छापून आलं त्या सकाळी सासूबाईंनी आधी चार घास खाल्ले, मग कागदाकडे वाकून म्हणाल्या, "जेवले रं. तू जेवलास का?" आणि उत्तरासाठी थांबल्या.

"आत्या, उद्याच्या पेपरात बघू," मी सासूबाईंना म्हणाले.

संध्याकाळी मी टाइप केलं: हो गं, जेवलो. ते ह्यांच्या अक्षरात वाचून मलाच हायसं वाटलं, आणि त्याचीच मला फार भीती वाटली.