कार्बाइनवरचे छाप

मळमड्डीत आमच्या शेजारी एक रिटायर्ड अण्णा एकटेच राहत. त्यांच्याकडे लायसन्सची जुनी कार्बाइन होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. परत घेताना एखादा मूळचा भाग बदलला तर नाही ना, हे बघायला अण्णा तिथंच भिंग काढून भागाभागावरचे कारखान्याचे छाप तपासत. "बोल्ट मूळचा बघा री. नेम धरायची माशी मात्र पहिल्यापासूनच परक्या कारखान्याची," असं हवालदाराला समजावत. तो चहा मागवून ऐकत बसे. आमच्या गल्लीत हे ऐकायला कुणाला सवड नव्हती.

तेव्हा सरकारं भराभर पडत, निवडणुका लागत. मग एक टिकलं. पेपर वाचायला आलेल्या अण्णांनी मला विचारलं, "हे पाच वर्षं काढतंय म्हणता?"

"बहुमत आहे की, अण्णा."

त्यांनी पेपरची घडी घातली.

"तोवर हवालदारांची बदली होईल की हो."