हार फोटोला

हॉटेलवाल्याने चहा वरून ओतला. हातभर उंचीवरून. थोडा कपात पडला, थोडा माझ्या मनगटावर. कान तुटलेला तो कप माझाच. हॉटेलच्या बाहेर वळचणीला पालथा ठेवलेला असायचा. मीच काढायचा, मीच विसळायचा, मीच परत ठेवायचा. आणि आत, गल्ल्याच्या वर, भिंतीवर माझाच फोटो. चौकटीत, काचेत.

"सोलापूरचा वाघ!" हॉटेलवाला आतल्या गिऱ्हाइकाला फोटो दाखवत होता. "एका ठोशात गोरा आडवा केला."

"कुटं असतोय आता?"

"त्यो काय, भाईर. चा पितोय की."

गिऱ्हाइकाने मान वळवून मला बघितलं. मग पुन्हा फोटोकडेच बघत बसला. शुक्रवार पेठेतल्या त्या हॉटेलला तीन पायऱ्या होत्या. मी त्या कधी चढलो नव्हतो. फोटोला कुणी अडवलं नव्हतं.

मी ढोराचा. कातडी कमावणं हे आमच्या घरचं काम. मी मात्र होटगी स्टेशनात रेल्वेचा खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी, म्हणून लागलो होतो. तिथल्या गोऱ्या फोरमनला बॉक्सिंगचा नाद. एकदा त्याच्या हातमोज्यांची शिवण उसवली. कातड्याचं काम, म्हणून मला बोलावलं. मी शिवून दिले, तर म्हणाला, घाल हातात. मला वाटलं, बक्षीस दिलं. कसलं बक्षीस! त्याला ठोसे मारायला माणूस हवा होता. दोन वर्षं रोज सकाळी मी मार खाल्ला. नाक फुटलं, एक दात गेला. पण खाता खाता मार कुठून येतो ते कळायला लागलं.

तालमीत आम्हाला मज्जाव होता. आमच्या पायाने माती बाटते म्हणत. कुस्तीत अंगाला अंग लागतं. साहेबाच्या खेळात मध्ये कातडं होतं, म्हणून मला उभं राहता आलं.

पुढे रेल्वेच्या मैदानात सामने भरले. फोरमनला जोड मिळेना. मग मलाच दोरांच्या आत ढकललं. चारचौघांत मला लोळवायचं, टाळ्या घ्यायच्या, असा त्याचा बेत. तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हात खाली आला. रोज यायचा तसाच. मी मारला. दहा आकडे मोजून झाले तरी तो उठला नाही. दोरांच्या बाहेर अख्खं सोलापूर नाचत होतं.

दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. मला काही वाटलं नाही. म्हटलं, नोकरी गेली, पण गाव मिळालं. खुळाच होतो मी.

गावाने प्रेम केलं, खोटं कशाला बोलू. रस्त्याने निघालो की लोक ओट्यावरून ओरडायचे, "वाघ आला, वाघ!" हात हलवायचे. हातात हात कुणी दिला नाही. कुस्ती मारलेल्या पैलवानाला खांद्यावर घेतात, कपाळाला गुलाल लावतात. माझी मिरवणूक निघाली तेव्हा खांद्यावर फोटो होता. मी मागून चालत होतो. गोऱ्याला एक ठेवून द्यावी, असं ज्याच्या त्याच्या मनात होतं. हात माझा वापरला, आणि त्यांचे हात सोवळेच राहिले. म्हणून मी एवढा लाडका.

कुणी शिवी दिली असती तर उलट देता आली असती. प्रेमाला काय देणार? फोरमनच्या दोरांतून सुटलो आणि ह्यांच्यात अडकलो. इथे मारायचं कुणाला तेच समजेना.

मग पेठेतल्या एका वकीलसाहेबांनी माझा सत्कार ठरवला. हॉटेलसमोर मांडव पडला. आये ठेवणीतलं लुगडं नेसून आली, लांब कोपऱ्यात उभी राहिली. वर मंचावर खुर्चीत फोटो. मी खाली, जमिनीवर. वकीलसाहेब झकास बोलले. देश, स्वाभिमान, मनगट. मग हार आला. झेंडूचा, चांगला जाडजूड. मी उठलो, पुढे झालो, मान वाकवली.

हार माझ्या डोक्यावरून गेला आणि फोटोच्या गळ्यात पडला.

टाळ्या. मी तसाच वाकलेला.

कोपऱ्यातून आये किंचाळली, "आरं, माझा ल्योक जित्ता हाय की! मेलेल्याच्या फोटूला हार घालत्यात, जित्याच्या न्हाय!"

लोक हसले. वकीलसाहेबही हसले. "अहो बाई, मान आहे हा मुलाचा."

लाज वाटली मला. आयेची नाही, माझ्या वाकलेल्या मानेची. मान वर केली आणि मंचावर चढलो. "शिवू नगं!" मागून कुणीतरी ओरडलं. कशाला? माझ्याच फोटोला. मी हार काढला आणि खाली येऊन आयेच्या हातात दिला.

वकीलसाहेब लांबूनच दबक्या आवाजात म्हणाले, "तमाशा करू नकोस. पुढच्या महिन्यात पुण्याचा गोरा सोल्जर येतोय. साऱ्या गावाची इज्जत तुझ्या हातात आहे."

"त्या हातात हार पण देत न्हाई तुमी," मी म्हणालो. "फोटूला लढाया सांगा."

सोल्जर आला. मी गेलो नाही, घरी बापाबरोबर कातडी खरडत बसलो. तालमीतला एकही पैलवान दोरांच्या आत गेला नाही. गोरा वाट बघून, हसून निघून गेला. गावाचं प्रेम त्याच दिवशी आटलं. वाघ भ्याला, म्हणाले. गाव विकलं, म्हणाले. मला रडू आलं, हेही सांगतो. लाडाची सवय लागते माणसाला.

आठवड्याने हॉटेलवरून चाललो होतो. भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा. फोटो बाहेर, वळचणीला, माझ्या कपाला टेकवून ठेवलेला. काच तडकलेली.

"घिऊन जा तुझा फोटू," हॉटेलवाला दारात येऊन म्हणाला. "कप ऱ्हाऊ दे. लागंल की परत."

मी कप उचलला. तीन पायऱ्या चढलो. दारात त्याच्या पायापाशी कप फोडला. आत बसलेले उठून उभे राहिले.

"आता चा पिईन तर आत बसून, तुमच्या कपात. तवर ह्या गावासाठी माझी मूठ वळायची न्हाय."

मी वळलो आणि फोटो तिथेच टाकून घरी आलो.