तिकीट लावलेलं पाकीट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याची बदली दिल्लीला झाली आणि मयूर विहारच्या नव्या सोसायटीत मी ख्रिस्ती रेडिओवरची उपदेशक झाले. स्टुडिओ म्हणजे तळमजल्याच्या फ्लॅटमधली एक खोली, भिंतींना रजया ठोकलेल्या. बाहेर भाजीवाला ‘आलू ले लो’ ओरडला की रेकॉर्डिंग थांबायचं. टेप परदेशातल्या केंद्रावर जायची आणि महिनाभराने माझा मराठी उपदेश शॉर्टवेव्हवरून नगरपर्यंत पोचायचा. विषय ठरलेला : कुटुंबातली क्षमा. आवाज मधाळ, अक्कल बेताची!

कारण सख्ख्या धाकट्या बहिणीशी माझा सात वर्षं अबोला होता. तिने हिंदू मुलाशी कोर्टात लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. तिची पत्रं मी न फोडता परत धाडायची. पण कार्यक्रमाच्या पत्त्यावर आलेलं प्रत्येक पत्र मलाच फोडावं लागे, हे तिने बरोब्बर ओळखलं. ‘माझी मोठी बहीण बोलत नाही. मी काय करू?’ एवढंच लिहिलेलं. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. खाजगी उत्तर हवं असलं की श्रोते तसं पाठवत.

नवरा म्हणाला, “टाक ना दोन ओळी. तिकीटसुद्धा लावलंय बिचारीने.”

“रेडिओवर देते की उत्तर. सगळं जग ऐकेल.”

“जगाने कुठे विचारलंय, बाईसाहेब?”

मी ऐकते कसली! प्रथेप्रमाणे नाव गाळलं. ‘नगर जिल्ह्यातल्या एका भगिनीला’ पंधरा मिनिटं समजावलं, धाकट्यांनी आधी नमावं, चूक कबूल करावी. दोन वचनं वाचली. वर तिच्यासाठी प्रार्थनाही केली, मधाळ आवाजात.

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही. मी नगरला गेले ती थेट तिच्या मातीला. तिचा नवरा माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. म्हणाला, “तुमचा कार्यक्रम कधी चुकवायची नाही ती. त्या दिवशी मात्र मधेच रेडिओ बंद केला. म्हणाली, ताईचा आवाज छान लागतो नाही?”

परवा बायबल झटकताना ते पाकीट दिल्लीतच वाढलेल्या नातीच्या हाती लागलं.

“आजी, खाली लिफाफा आहे हा, आत काहीच नाही. फेक दूँ?”

“ठेव तिथेच,” म्हटलं. “उत्तर लिहायचंय अजून.”