विळ्याचं पाणी

अकोल्याच्या घरी माझी धाकटी बहीण तापाने झिजत होती आणि आई तिला विळ्याचं पाणी पाजत होती. विळा चुलीत लाल करायचा, पाण्यात चर्रकन बुडवायचा आणि ते कोमट झालं की प्यायला द्यायचं. अंगात रक्त नाही तर लोखंड द्या, इतकं साधं होतं ते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आईने नवस सोडले होते. तिच्या हाती एवढंच उरलं होतं.

मी अमरावतीला एका कॉलेजच्या जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, त्यामुळे शहाणा. आईचा विळा मी बंद करवला आणि लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या नेऊन दिल्या. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. त्या औषधाने बहिणीचे दात काळे पडले, पोट बिघडलं. एकदा तिला चमचा मोरीत ओतताना पाहिलं आणि आजारी माणसावर ओरडू नये तसा ओरडलो.

"दादा, मले उलटी येते त्यानं," एवढंच ती म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात सरांनी हगवणीच्या जंतूंवर प्रयोग लावला. अंड्यातला पांढरा भाग लोह धरून ठेवतो, जंतूंना मिळू देत नाही, म्हणून त्यात ते वाढत नव्हते. चिमूटभर लोहक्षार घातला की दुसऱ्या दिवशी नळी गढूळ. आकडेमोड माझ्याकडे होती. जंतूंचे ठिपके मोजायचे, लॉगचे तक्ते बघायचे, आलेख काढायचा. लोहाची रेघ कागदाबाहेर जायला लागली तेव्हा मी सगळं पुन्हा केलं, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

सरांना बहिणीचं सांगितलं. "नळीतलं माणसाला लावू नका. तिचे जंतू वेगळे, शरीर वेगळं," ते म्हणाले. बरोबरच असेल. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

शनिवारी एसटीने अकोल्याला गेलो, टॉनिक थांबवायला. बहीण भिंतीला टेकून बसली होती. मला पाहताच तिने उशाजवळची बाटली उचलून दाखवली. रिकामी होती.

"एकही दिवस चुकवला नाई मीनं," ती म्हणाली. शाबासकी मागत होती पोर. मी दिली. दुसरं काय देणार होतो?

पुढच्या महिन्यात ती गेली. डॉक्टर छातीचा आजार म्हणाले. तो आजार मी किती पोसला, हे सांगणारं कुणी नव्हतं.

माणसं पांगल्यावर आई चुलीपाशी विळा घेऊन बसली. "तुयं आयकून मीनं इळा बंद केला," ती म्हणाली. "लोखंड कमी पडलं माह्या पोरीले."

खरं सांगितलं असतं तर तिने महिनोन् महिने पाजलेलं पाणीही त्यात आलं असतं. ते तिला कसं सोसलं असतं?

"हो माय," मी म्हटलं. "कमीच पडलं. माहं चुकलं."

मरेपर्यंत आईने मला ते माफ केलं नाही.